उजव्या हाताचा खण

१८ सप्टेंबर, बुधवार

काल गणपती गेले आणि आज सकाळी आप्पांनी विषय काढलाच. पुढची खोली, जिथं आमचे माग होते, ती कुरियरवाले आण्णाप्पा गोदामासाठी मागतायत. आप्पा विचारत नव्हते, सांगत होते. मी म्हटलं, विक्रमसरांचं टेबल करायचं काम मिळालंय, तेवढं होऊ दे. त्यांनी पानाला चुना लावला, पान तोंडात सारलं आणि म्हणाले, "बरं. ह्ये टेबल नीट गेलं तर खोली तुझी. न्हाय तर डिसेंबरपासनं आण्णाप्पाची. मग रडायचं न्हाय."

मी रडत नाही. पण शब्द तसेच लिहून ठेवते, मागाहून कुणी बदलायला नको.

खोलीत आता माझं सुतारकाम चालतं. माग असताना त्यांची लाकडाची दुरुस्ती आप्पा घरीच करायचे. शाळेत जायच्या आधी मी रंधा धरायला आणि नक्षीचा चौकटीचा कागद वाचायला शिकले, बाराखडी नंतर. वडगावात सगळे मला अजून सुबराव विणकराची मंजू म्हणतात, सुतारीण कोणी म्हणत नाही. आजवर पाट केले, देव्हारे केले, स्टुलं केली. टेबल कधी नाही. सरांना हो म्हणताना हे सांगायला हवं होतं का? विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, हे खोटं बोलण्यात येतं का?

२१ सप्टेंबर, शनिवार

विक्रमसरांच्या गाडीतून निपाणीला. टिळकवाडीत त्यांचं जुन्या फर्निचरचं दुकान आहे. टेबल त्यांच्या आत्यांचं, जयाबाईंचं. त्या शाळेत शिकवायच्या. आता एकट्या राहतात आणि विडी कामगार बायकांचे अर्ज लिहून देतात. आम्ही गेलो तेव्हा दारात बायका बसलेल्याच होत्या.

सर आत शिरताच म्हणाले, "आत्या, ही मंजुश्री. टेबलाला कीड लागलीय का बघायला आणलीय."

मला एकदम गरम झालं. मी कीड बघायला आले नव्हते, माप घ्यायला आले होते. गाडीत मात्र सरांनी सांगितलं होतं की आत्याला सरप्राइज आहे, बोलू नकोस. तसं असेल तर ठीक. तरी मी खरोखर कीडही बघितली, म्हणजे अगदीच खोटं नको. कीड नाही.

टेबल सुंदर आहे. ओकचं, शंभर वर्षांच्या वरचं, इंग्लंडातलं. सर म्हणाले, या पद्धतीला आर्ट्स अँड क्राफ्ट्स म्हणतात, यंत्राला वैतागलेल्या लोकांनी हातानं केलेलं काम. यंत्राला वैतागलेले लोक आमच्या गल्लीतही होते. त्यांनी माग विकले.

दोन बाजूंना दोन जाड पाय, खाली त्यांना जोडणारी लांब दांडी. दांडीची जीभ पायातून आरपार बाहेर येते आणि बाहेरून पाचर ठोकलेली. खिळा नाही. मला हसूच आलं. हा तर आमच्या मागाचा सांधा! जयाबाईंनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, ओळखीचं दिसलं. त्या म्हणाल्या, "मलाही ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा तसंच वाटलं होतं." बोलता बोलता त्यांनी डाव्या हाताने खण ओढून चष्मा काढला आणि त्याच हाताने एका बाईच्या अर्जावर लिहू लागल्या. पुढच्या कडेला शाईचा मोठा फिकट डाग आहे, तिथंच त्यांचा पंजा टेकतो.

त्या बायकांशी बोलत होत्या तोवर मी खाली उताणी झोपून चौकटीच्या कागदावर सगळं उतरवलं. खालून सगळे सांधे दिसतात. फळीच्या पोटाला करणाऱ्याची खूणही आहे, डाग देऊन उठवलेला छोटा पक्षी.

परतताना सर म्हणाले, "डागसुद्धा हवा. खूणसुद्धा. ठेवल्यावर कुणाला कळता कामा नये, समजलं?"

म्हणजे त्यांना फार आवडलंय.

२३ सप्टेंबर, सोमवार

आप्पांना कागद दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघितला. "खालनं काढलायस. बरोबर." नक्षीचं लुगडं मागावर उलटंच विणतात, सुलटी बाजू जमिनीकडं असते. लहानपणी मी विचारलं होतं की मग आपल्याला चांगलं कधी दिसणार. तेव्हा ते म्हणाले होते, "सुलटी बाजू गिऱ्हाइकाची. उलटी आपली." त्यामुळे आमच्या घरात कागद उलटाच काढतात आणि उलटाच वाचतात.

पण "बरोबर" म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून मी फारसा ऐकलेला नाही.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

ओक आला. सरांनी गोव्याहून आणवला, कुठल्यातरी जुन्या कपाटांचा. फारच कठीण लाकूड. दोनदा रंध्याच्या पात्याला धार लावली, दोन्ही वेळा गेली. फळीवर आडवे चकाकते पट्टे आहेत, ओल्या रेशमासारखे. आईने हात फिरवला आणि म्हणाली, "ह्याचं लुगडं झालं असतं तर लई दिवस टिकलं असतं."

हात भरून आलेत. लिहवत नाही.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. दरवर्षी खंडेनवमीला मागाची पूजा व्हायची. गेल्या वर्षी माग नव्हता तर आप्पांनी भिंतीवर टांगलेल्या, आडवा धागा नेणाऱ्या एका धोट्याला हळदकुंकू लावलं होतं. या वर्षी मी रंधा, पटाश्या, करवत मांडून ठेवल्या. त्यांनी सगळ्यांना फूल वाहिलं. टेबलाच्या अर्धवट पायालाही. धोट्यालाही.

खुणेचं मात्र सुटत नाही. दुसऱ्याची खूण मी माझ्या कामावर कशी काढू? पण नक्कल म्हणजे सगळंच सारखं हवं. मग डाग चालतो आणि खूण का चालत नाही? आप्पांना विचारलं.

"आपण लुगड्याच्या पदराच्या शेवटाला तीन पिवळे धागे टाकतोय ते कशापायी?"

"आपलं आहे हे कळावं म्हणून."

"मग शेजारच्यानं तीन धागे टाकले तर?"

म्हणजे नाही. पण सरांना नाही कसं म्हणायचं, हे आप्पा सांगत नाहीत.

१९ ऑक्टोबर, शनिवार

सर काम बघायला आले. पाय आणि दांडी बघून खूश. फळी अजून सुटीच होती. मी धीर करून म्हटलं, पक्षी मी काढणार नाही. ते हसले. "बरं, ते मी दुसऱ्याकडून करून घेतो. आणि तुझी स्वतःची खूण कुठं टाकू नकोस हं, प्लीज." आप्पा उंबऱ्यावर बसलेले. त्यांनी मान फिरवली.

जाताना त्यांना बेंगळुरूहून कुणाचा तरी फोन आला. ते इंग्रजीत सांगत होते की होय, ओरिजिनलच, घराण्यातलं, डिसेंबरात पोचवतो. त्यांच्या दुकानात बरंच काही ओरिजिनल असतं. माझं आपलं नकलेचं काम. वाईट वाटून घ्यायचं काही कारण नाही. तरी थोडं वाटलं.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मीपूजन आणि राज्य स्थापनेचा राज्योत्सव एकाच दिवशी. मिरवणुकीमुळे रस्ते बंद, खडेबाजारात जाता आलं नाही, अमोनिया राहिला. ओकला जुना तपकिरी रंग यावा म्हणून अमोनियाच्या वाफेत ठेवतात, रंग लावत नाहीत. लाकूड आतूनच काळवंडतं.

आई म्हणाली, निदान आज तरी ती खोली बंद कर आणि करंज्यांना बस. बसले. बोटांना जखमा आहेत, सारणातली साखर झोंबत होती.

६ नोव्हेंबर, बुधवार

गच्चीवर प्लास्टिकचा तंबू केला, आत सगळे सुटे भाग आणि बशीत अमोनिया. डोळ्यांतून पाणी थांबेना. शेजारची मंगल खालून ओरडली, "मंजूऽ, काय मेलंय गं वर?" ती खानापूरकडची, इथं दवाखान्यात कामाला आहे, नाक भलतं तिखट. मी म्हटलं, काही मेलं नाही, लाकूड म्हातारं करतेय. "मलाबी बसव की आत! घरात लवकर सासूचा मान मिळंल."

खूप दिवसांनी हसले.

९ नोव्हेंबर, शनिवार

रंग आला! भिजलेल्या चिंचेसारखा. मोबाईलवर सरांनी पाठवलेला फोटो धरून बघितला, आप्पांनीही बघितला. रंगात फरक नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार

जोडलं. दांडीची जीभ पायातून बाहेर आली, आप्पांनी स्वतः पाचर ठोकली. माग गेल्यापासून त्यांनी हातोडा धरला नव्हता. ठोकताना कान लाकडाला लावून ऐकत होते. मग खण बसवला, मेण चोळलं. शाईचा डाग दोन दिवस थोडा थोडा करून उठवला, पातळ शाई, ओला बोळा. टेबल उभं केलं आणि दोघंही भिंतीला टेकून बसलो.

"गेलं बघ," आप्पा म्हणाले. म्हणजे पास झालं. म्हणजे खोली माझी.

आनंद व्हायला हवा होता. झोप आली.

२० नोव्हेंबर, बुधवार

मंगल टेबल बघायला आली. एका हातात माझा मोबाईल, त्यातला फोटो, एकदा फोटोकडे, एकदा टेबलाकडे. "छान झालंय गं. पण ह्याचा खण त्या बाजूला का केलास?"

"कुठल्या?"

"फोटोत डावीकडं हाय की. तू उजवीकडं केलायस."

मी फोटो बघितला. मग टेबल. मग परत फोटो. दोन महिने हा फोटो मी रोज बघतेय. आप्पांनी कितीदा बघितलाय. कागद मी खालून काढला होता, उलटा, आणि मापं मात्र फळीच्या वरच्या बाजूला तशीच उतरवली. मागावर कागद उलटा असला तरी विणून झाल्यावर कापड उलटवलं की सगळं आपोआप जागेवर येतं. लाकूड तसं येत नाही. डागसुद्धा दुसऱ्या टोकाला गेलाय. सगळं टेबल आरशातलं आहे.

आप्पा कितीतरी वेळ फोटो हातात धरून बसले. "मलाबी दिसलं न्हाय," एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

मंगल बिचारी दारात उभी. "मी आपलं सहज म्हटलं गं."

सरांना फोन लावतेय, उचलत नाहीत. गोव्यात प्रदर्शनाला गेलेत.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

फोन नाही. मेसेज टाकला, बघितला नाही. खण काढून दुसरीकडे बसवायचा तर फळीखालची आडवी पट्टी नव्याने करावी लागेल, आणि डाग पूर्ण तासून काढला तर तिथला रंग जाईल. मूळ टेबलाच्या खणाआड पट्टी कशी बसवलीय ते परत बघायला हवं.

उद्या निपाणीला जाते. जयाबाईंना खरं काय ते सांगेन. सरप्राइज फुटेल, पण चुकीचं टेबल गुपचूप देण्यापेक्षा ते बरं. आणि कीड बघायला आले होते हे खोटंही माझ्या डोक्यावरून उतरेल.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

कोल्हापूरच्या गाडीने गेले. निपाणी येईपर्यंत काय बोलायचं ते पाठ करत होते आणि समोर गेल्यावर सगळं एका दमात बोलून टाकलं. मी कीड बघायला आले नव्हते, तुमच्या टेबलासारखं टेबल करायला आले होते, सरांनी सांगितलं होतं, आणि माझ्या हातून ते उलटं झालं, मला पुन्हा एकदा खालून बघू द्या.

जयाबाईंनी पेन खाली ठेवलं. "माझ्या टेबलासारखं टेबल? विक्रमला?"

"हो."

"कशाला हवं, ते बोलला का?"

"सरप्राइज आहे म्हणाले."

मी केलेल्या टेबलाचा फोटो मोबाईलवर दाखवला. त्यांनी दोन बोटांनी तो मोठा केला, डागापर्यंत.

"हा डाग माझा आहे."

"हो. सर म्हणाले, आत्यांचा डागसुद्धा हवा."

"अस्सं. आणि अजून काय हवं म्हणाला?"

मी खुणेचं सांगितलं. पक्षी मी काढला नाही, सर दुसऱ्याकडून काढून घेणार आहेत, हेही. माझ्याबद्दल त्यांचा गैरसमज व्हायला नको होता.

त्यांनी खिडकीकडे बघत विचारलं, "सोमवारी टेम्पो येणार आहे माझं टेबल पॉलिशला न्यायला. तू करणार आहेस का पॉलिश?"

मी म्हटलं, "मला कोणी सांगितलं नाही. आणि त्याला पॉलिश करू नका हो. ते वाफेनं रंगवलेलं असतं, पॉलिशनं बिघडेल. मी सरांना तेव्हाच म्हटलं होतं."

त्या हसल्या, पण तोंडभर नाही. मग त्यांनी मला चहा दिला आणि न विचारता सांगायला लागल्या. लहानपणी त्या डाव्या हाताने लिहायच्या म्हणून शाळेत हातावर पट्टी बसायची. वडील तंबाखूच्या वखारीत कारकून होते. कंपनीचा गोरा साहेब गाव सोडून जाताना सामान विकत होता, तेव्हा त्यांनी हे टेबल बघितलं, खण डावीकडे. बैलगाडीत घालून घरी आणलं आणि मुलीला म्हणाले, "कुणीतरी डावऱ्या माणसासाठी केलेलं दिसतंय. हितं बस. हितं तुला कोण मारणार न्हाय."

"तुझ्या टेबलावर मी बसले असते," त्या म्हणाल्या, "तर पहिल्याच दिवशी हात रिकाम्या फळीवर आपटला असता."

मी परत म्हटलं, चुकलंच माझं.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "फार बरं केलंस."

मला धीर द्यायला म्हणाल्या असणार. शिक्षिका होत्या ना. खालून पट्टी बघून घेतली. निघताना त्यांनी मला विक्रमसरांना आज फोन करू नको म्हणून सांगितलं, मीच बोलते म्हणाल्या. गाडीत उभीच आले, संकेश्वरपर्यंत बसायला मिळालं नाही.

२५ नोव्हेंबर, सोमवार

सरांचा फोन. नुसते ओरडत होते. "आत्याकडं जायला तुला कुणी सांगितलं होतं?"

"चूक झाली होती सर, म्हणून…"

"चूक मला सांगायची ना!"

"तुम्ही फोन उचलत नव्हता. सर, मी खण बदलून देते. डागही. पुढच्या महिन्यात…"

"ठेव ते टेबल तुझ्याकडंच. ते लाकूडबिकूड पण ठेव. आणि माझं नाव कुणाकडं काढू नकोस."

फोन ठेवला. मी उरलेला ओक वेगळा रचून ठेवला. त्यांचा आहे. त्यावर तसं लिहिलंही.

दोन महिन्यांचं काम गेलं आणि खोलीही गेली. एका खणापायी. आप्पांना सांगितलं, सर काय म्हणाले ते शब्दाला शब्द. ते ऐकत होते आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं ठसका लागला. हसत होते.

"काय झालं?"

"तुला खरंच कळलं न्हाय?"

"काय?"

"काय न्हाय. चा ठेव."

२८ नोव्हेंबर, गुरुवार

आज गिरणीत कळलं. डबा लावून उभी होते. पुढच्या बाईने आपला डबा समजून दुसरीचा उचलला, दोन्ही सारखेच, स्टीलचे. दुसरी ओरडली, "ओ, ठेवा की! ह्यो माझा हाय."

मी दळण तिथंच ठेवून घरी आले. आप्पा पान लावत होते.

"आप्पा, ते आत्यांचं टेबल विकणार होते. आणि माझं तिथं ठेवणार होते."

"व्हय," आप्पा म्हणाले.

"मी ते सगळं करत होते."

"व्हय."

"तुम्ही का नाही सांगितलं?"

"मला तरी कुठं ठावं हुतं? तू निपाणीला गेल्यावर कळलं." चुना बोटावर तसाच. "खुणंचं म्हणत होता तवाच कळाया पायजे हुतं."

पीठ आईने आणलं. मी काही खाल्लं नाही. डाग मी किती निगुतीने केला होता, बोळा ओला करून, थोडा थोडा. चुकून उलटा झाला. चुकून. मी शहाणपणाने काहीच केलेलं नाही, हे कुठंतरी नीट लिहून ठेवायला हवं म्हणून लिहिलं.

१ डिसेंबर, रविवार

सकाळी आण्णाप्पा आले, टेप घेऊन, सोबत एक मजूर. मी ठरवलं होतं की शब्द म्हणजे शब्द. पटाश्या पोत्यात गुंडाळायला घेतल्या होत्या. उरलेला ओक दारात काढून ठेवला होता.

आण्णाप्पा दारातूनच टेप सोडत म्हणाले, "सुबराव, हे टेबल कवा हलणार? माझी खोकी परवा येत्यात."

आप्पा उंबऱ्यावर बसलेले. उठले नाहीत. "न्हाय हलणार."

"म्हंजे?"

"खोली मोकळी न्हाय. कारखाना हाय हितं."

"अहो, तुम्हीच म्हणलासा की, टेबल नीट गेलं न्हाय तर…"

"नीटच गेलं की. जिथं जायाला नको हुतं तिथं गेलं न्हाय." आप्पांनी पिंक टाकली. "आता चा पिऊन जा."

आण्णाप्पा चहा न घेता गेले. मजूर तेवढा थांबून पिऊन गेला.

मी म्हटलं, "आप्पा, तुमचा शब्द होता."

"तू लिवून ठिवलायस ना? खोड मग." मी ही वही लिहिते हे त्यांना कसं माहीत, विचारलं नाही. आणि खोडलंही नाही. वरचं तसंच राहू दे, त्याखाली हे.

दुपारी जयाबाईंचा फोन आला होता. शाळेतल्या त्यांच्या एका विद्यार्थिनीला लिहायचं टेबल हवंय. साधंच, आमच्याकडच्या सागवानाचं. "खण उजवीकडे," त्या म्हणाल्या, "ती तुझ्यासारखीच आहे." मी माप कागदावर घेतलं. दोनदा वाचून दाखवलं. त्यांनी तिसऱ्यांदा वाच म्हटलं, मग दोघी हसलो.

फोन ठेवून टेबलाशी बसले. पहिल्यांदाच बसले. पेन शोधायला हात गेला आणि खण हाताखालीच होता.

आप्पा आत आले, फळीवर पंजा फिरवून म्हणाले, "खूण केलीस काय?"

"सरांनी नको म्हटलं होतं."

"सरांचं हाय काय आता ते?"

मी पटाशी पोत्यातून परत काढली. तीन रेघा, धाग्यांएवढ्या बारीक. "कुठं करू?"

"खालनं," आप्पा म्हणाले. "आपल्या बाजूला."

मी उताणी झोपले. फार थकले होते, तिथंच जरा पडून राहिले. आप्पांचे पाय समोर दिसत होते, थांबलेले. मग रेघा काढल्या.